दीड वाजता फोन का केला नाही?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्राध्यापिका. मुलींच्या होस्टेलच्या रेक्टर आहेत आणि स्टुडंट वेल्फेअर कमिटीही त्यांच्याच गळ्यात आहे. फेस्टच्या शेवटच्या रात्री सेकंड इयरची पाच मुलं जवळच्या एका भाड्याच्या फ्लॅटवर ‘बसली’. पत्ते, हरला की पेग. एकोणीस वर्षांचा एक मुलगा रात्री दीडच्या सुमारास आडवा झाला. मित्रांनी लिंबूपाणी पाजायचा प्रयत्न केला, डोक्यावर पाणी ओतलं आणि झोपवलं. एक मित्र जागा राहिला, उलटी झाली की त्याला कुशीवर वळवत राहिला. सकाळी सहाला तो हलवूनही उठेना, तेव्हा रिक्षात घालून हॉस्पिटलला नेला. दोन दिवस आयसीयू. वाचला, आता घरी आहे. मॅनेजमेंटने चारही मित्रांना होस्टेलमधून सस्पेंड केलंय, रात्रभर जागणाऱ्यालाही. गेटवर ब्रेथ अॅनालायझर, बॅगा तपासणं, पालकांकडून नवीन कडक हमीपत्र असा प्लॅन मॅडमनी पंधरा दिवसांत लिहून द्यायचाय. त्या लिहितात, “आजकाल सगळीच मुलं पितात, कडक नियमाशिवाय ऐकणार नाहीत असं मलाही वाटतं. पण त्या जागणाऱ्या मुलाने मला सांगितलं, मॅडम, दीड वाजता तुमचा नंबर काढला होता, मग फोन ठेवून दिला. तेव्हापासून झोप लागत नाही. माझे वडील प्यायचे, त्यामुळे या विषयावर मला शांतपणे विचारच करता येत नाही. होस्टेलमधली दारू बंद कशी करू?”

मॅडम,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्याच वाक्यापाशी अडकले, नंबर काढला आणि फोन ठेवून दिला.

दारू बंद कशी करायची यावर बोलूच, पण आधी त्या साडेचार तासांकडे बघा ना. खोलीत चार मुलं होती, सगळ्यांकडे फोन होते, हॉस्पिटल रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांवर, रात्रीचं ट्रॅफिक नाही. म्हणजे मदत हाताशी होती आणि ती कोणीही मागितली नाही. का? कारण अॅडमिशनच्या वेळी तुम्ही त्यांच्याकडून सही करून घेतलीय की नशेत सापडलात तर होस्टेल बंद, घरी फोन, करिअर बरबाद. मुलांनी तो कागद तुमच्यापेक्षा जास्त सिरियसली घेतला, आणि ज्या रात्री घ्यायला नको होता नेमका त्याच रात्री घेतला.

तुम्हाला दोष द्यायचा नाहीये, तो कागद तुमच्याही आधीपासूनचा असणार. पण आता नवीन प्लॅनमध्ये तोच कागद आणखी जाड करायला सांगतायत, तर पुढच्या वेळी काय होईल? मुलं प्यायची थांबतील की फक्त फोन करायची थांबतील? मला तर दुसरंच दिसतं.

ब्रेथ अॅनालायझर गेटवर बसवलात तर काय होईल सांगू? मशीन आहे कळल्यावर मुलं रात्री परतच येणार नाहीत. कोणाच्या तरी फ्लॅटवर, कर्जतच्या बंगल्यावर, अलिबागला, नाहीतर मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसतील, किंवा शेवटची लोकल पकडून दारात लटकत कोणाच्या तरी घरी जातील. आणि गेट दहाला बंद होतं म्हणून जी मुलं आत येतातच ती साडेनऊपर्यंत ‘उरकून’ येतात. घाईत, उपाशी पोटी, पाणी न घालता. हा घाईचा भागच सगळ्यात वाईट, पुढे हिशोबच मांडते. दारूबंदी करून दारू संपत नाही हे आपल्या राज्याला काय नवीन आहे, चंद्रपूरला २०१५ मध्ये दारूबंदी केली आणि २०२१ मध्ये उठवली, मधल्या काळात चोरून कशी यायची हे तिथल्या कोणालाही विचारा.

आता कोणी म्हणेल, मग काय पिऊ द्यायचं का? अजिबात नाही, आणि कॉलेज तसं म्हणूही शकत नाही. महाराष्ट्रात हार्ड लिकर आणि स्ट्राँग बिअरसाठी वय २५ लागतं, माइल्ड बिअरसाठी २१, आणि कागदोपत्री परमिटही लागतं, म्हणून तर आपल्याकडे बारवर ‘परमिट रूम’ अशी पाटी असते. १९४९ चा कायदा आहे, अजून चालू आहे. म्हणजे तुमच्या होस्टेलमधल्या जवळपास एकाही मुलाला व्हिस्कीचा पेग कायद्याने चालत नाही. तो नियम नोटीस बोर्डवर राहू द्या. मी फक्त एवढंच म्हणतेय की ‘प्यायला’ आणि ‘मित्र मरायला टेकलाय म्हणून फोन केला’ या दोन गोष्टींना एकच शिक्षा ठेवू नका.

असं करून बघितलेल्या जागा आहेत. अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीने २००२ च्या सुमाराला नियम केला की दारूमुळे कोणाची तब्येत बिघडली आणि त्याने किंवा त्याच्या मित्राने मदत मागितली तर पिण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होणार नाही, समुपदेशकाला मात्र भेटावं लागेल. नंतर त्यांनी तपासलं तेव्हा मदतीचे फोन वाढले होते, पिणं वाढलेलं नव्हतं. तिकडचं इकडे जसंच्या तसं चालतं असं नाही, त्यांचं कॅम्पस म्हणजे अख्खं गाव असतं आणि आपलं म्हणजे एक बिल्डिंग, एक कँटीन आणि समोर रिक्षा स्टँड. पण घाबरलेला एकोणीस वर्षांचा मुलगा इथून तिथून सारखाच.

तुमच्या प्लॅनमधलं पहिलं कलम हेच असू द्या, आणि सरकारी मराठीत लिहू नका हो. ‘मित्राची तब्येत बिघडली तर आधी फोन करा. फोन करणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी केला त्याच्यावर पिण्याबद्दल कारवाई होणार नाही.’ बस. मराठी, हिंदी, इंग्लिश तिन्हीत, टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा, तिथे सगळे वाचतात. कारवाई कशावर होईल तेही लिहा, म्हणजे मॅनेजमेंटला आपण ढिले पडलो असं वाटणार नाही. ज्युनिअरला आणून विकणं, पिऊन गाडी चालवणं, मारामारी, मुलींना त्रास, आणि जबरदस्तीने पाजणं. फ्रेशर्स पार्टीत ‘एक घोट तर घे रे’ करून पाजणारे सिनिअर जे करतात ते रॅगिंगच आहे, राज्याचा कायदा १९९९ चा आहे आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आहे, तिथे बिलकुल माफी नको.

घरच्यांचं काय, हे प्रिन्सिपॉल विचारणारच. मुलगा अॅडमिट झाला तर घरी कळवायलाच हवं, ते लपवून ठेवू नका आणि मुलांनाही तसं आधीच सांगा. पण फोनवर काय बोलायचं ते ठरवून ठेवा, “तुमचा मुलगा दारू पिऊन पडलाय” हे पहिलं वाक्य असलं तर नगरहून निघालेला बाप रस्ताभर फक्त थोबाडीत मारायचा विचार करत येतो. “त्याला बरं नाही, वेळेत आणलाय, डॉक्टर बघतायत” हे आधी.

आता तो हिशोब. मला वाटतं मुलं पितात त्याहून जास्त धोका मुलांना मोजता येत नाही याचा आहे, आणि हे इंजिनिअरिंगची पोरं आहेत म्हणून जरा मजाच वाटते.

आपल्याकडचा ३० मिलीचा छोटा पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, त्याला एक युनिट धरा. मोठा पेग दोन युनिट. क्वार्टर म्हणजे १८० मिली, सहा युनिट. आणि ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणारा जो शहाणा असतो ना, त्याची ८ टक्केवाली स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे चार युनिट, दोन बाटल्या म्हणजे क्वार्टरपेक्षा जास्त! लिव्हर तासाला ढोबळमानाने एकच युनिट उरकतं. त्याला सीनिऑरिटी कळत नाही, जिममध्ये किती उचलतो तेही कळत नाही. म्हणजे रात्री बारापर्यंत दोन क्वार्टर संपवल्या तर सकाळी आठच्या लेक्चरला बसलेल्या मुलाच्या रक्तातही थोडी असू शकते, आणि तो बाइकवर आलेला असतो. कायद्यात मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम, पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

घातक पिणं कशाला म्हणायचं याचं अमेरिकेतलं एक प्रचलित माप आहे, साधारण दोन तासांत पुरुषाने पाच आणि बाईने चार ड्रिंक. तिथलं एक ड्रिंक १४ ग्रॅमचं असतं, म्हणजे आपल्या हिशोबाने सात आणि साडेपाच युनिट. मुलांच्या भाषेत सांगायचं तर क्वार्टर आणि वर थोडी, आणि मुलींसाठी क्वार्टरच्याही आधी. तुमच्या त्या पाच जणांमध्ये पत्ते चालू होते, हरला की पेग, म्हणजे कोण किती पितोय ते पत्ते ठरवत होते, त्याचं वजन, पोट, सवय यातलं कोणीच नाही. हे एक पानाचं गणित होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर लावा. ‘दारू वाईट’ असं लिहिलेलं पोस्टर कोणी बघत नाही, क्वार्टर बरोबर किती ते बघायला सगळे थांबतील आणि भांडतीलही, भांडू द्या.

आणि दीड ते सहाचं पान. हे तर मला प्रत्येक वाचकाने, घरी कॉलेजवयीन मुलं असलेल्या प्रत्येकाने वाचावंसं वाटतं. शेवटचा पेग पोटात गेल्यानंतरही बराच वेळ रक्तातली दारू वाढत राहते, त्यामुळे ‘झोपला, आता उतरेल’ हे चूक, झोपल्यावर तो आणखी खोल जात असू शकतो. कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची बादली, गालावर चापट्या, यातल्या कशाने उतरत नाही, उतारा फक्त वेळ. आम्ही होस्टेलला असताना एका मुलीला असंच शॉवरखाली बसवलं होतं, डिसेंबरात, आणि ती थरथरायला लागली तेव्हा आम्हाला वाटलं बरी होतेय. आज आठवलं की घाम फुटतो. दारूने अंग आधीच गार पडत असतं, वर आम्ही पाणी ओततोय. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात काही ओतायचं नाही, बोटं घालून उलटी काढायची नाही, उताणं झोपवायचं नाही, कारण उलटी श्वासनलिकेत जाते आणि खरा जीव तिथे जातो. कुशीवर, वरचा गुडघा वाकवून, तोंड थोडं खाली. तुमच्या त्या जागणाऱ्या मुलाने एवढी एक गोष्ट बरोबर केली म्हणून आज पत्रात ‘वाचला’ हा शब्द आहे.

फोन कधी करायचा? हाक मारून, खांदा दाबून, चिमटा काढूनही उठत नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांची गॅप पडत असेल, ओठ-नखं निळसर, अंग गार, फिट आली, बेशुद्धीत उलटी झाली. यातलं एकही दिसलं तर १०८. सगळी लक्षणं जमायची वाट बघायची नाही. रात्री अॅम्ब्युलन्सला उशीर होतोय असं दिसलं तर रिक्षा, टॅक्सी, जे मिळेल ते, पण मागे कुशीवर आणि सोबत दोघं. मुलांना पोलिसांची भीती असते, हॉस्पिटलात गेलो की केस होणार असं त्यांना वाटतं. यावर तुम्ही एक काम करा, जवळच्या म्युनिसिपल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एकदा दुपारच्या वेळी स्वतः जाऊन या, तिथल्या मेडिकल ऑफिसरशी बोला, अशी मुलं आली की काय होतं ते त्यांच्याकडून समजून घ्या आणि तेच मुलांना सांगा.

आता तुमचं ते वाक्य, “आजकाल सगळीच मुलं पितात”. खरंच का हो? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९–२१ च्या, देशभरातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी साधारण १९ टक्के पितात असं आलं आणि बायकांमध्ये सव्वा टक्क्याच्या आसपास. मान्य, मुंबईचं होस्टेल म्हणजे अख्खा देश नाही आणि विचारल्यावर सगळे खरं सांगतात असंही नाही. तरी ‘सगळे’ फार लांब राहिले. पर्किन्स आणि बर्कोविट्झ या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये एका अमेरिकन कॉलेजात हेच दाखवलं होतं की विद्यार्थ्यांना पिणं बाकीच्यांना आपल्यापेक्षा जास्त चालतं असं वाटतं, आणि त्या वाटण्यामुळे प्रत्येकजण थोडं जास्त ओढू शकतो. पिणारा आवाज करतो, न पिणारा कोपऱ्यात थम्स अप घेऊन बसतो आणि कोणी विचारलं तर “अँटिबायोटिक चालू आहे यार” म्हणतो. तुमच्या होस्टेलमध्ये किती जणांची अँटिबायोटिक चालू आहेत ते मोजा. निनावी चिठ्ठ्या घ्या, दोनच प्रश्न, ‘मागच्या महिन्यात तू किती वेळा प्यायलास’ आणि ‘तुझ्या मते तुझ्या वर्गातला सरासरी मुलगा किती वेळा प्यायला’. दोन्ही आकडे शेजारी लावून दाखवा. बाहेरच्या कुठल्या पाहुण्याच्या भाषणापेक्षा हे जास्त चालेल. पण आकडे खरेच लावा, आवडले नाहीत म्हणून बदलू नका, पोरं लगेच ओळखतात.

आणि वर्षभर सगळीकडे पहारा ठेवायची गरज नाही, रात्री ठरलेल्या असतात. फेस्टची शेवटची रात्र, सबमिशन संपलं ती, एकतीस डिसेंबर, गटारी, पावसाळ्यातली पहिली ट्रिप. ट्रिपचं तर जास्तच बघा, पिऊन धबधब्याखाली नाहीतर समुद्रात उतरलेली मुलं दर पावसाळ्यात बातमीत येतात. त्या रात्रींसाठी पैसे बाजूला काढा. गेट उशिरापर्यंत उघडं, येणाऱ्याला प्रश्न न विचारता आत घ्यायचं. मेस रात्री चालू, अंडा भुर्जी, पाव, खिचडी, काहीही, कारण भरल्या पोटी दारू हळू चढते आणि रात्री अकराला गरम खायला मिळालं तर निम्मी मुलं तिकडेच येतात, हा माझा अनुभव आहे. रिक्षासाठी एक फंड, दोन-तीन हजारांचा, म्हणजे कोणी बाइकवर डबल सीट येणार नाही. मॅनेजमेंट म्हणेल पैसे कुठून, तर ब्रेथ अॅनालायझरच्या बजेटमधून.

आता वडिलांचं. तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि पुढे गेलात, म्हणून मीही फार खणत नाही. पण एक वेगळं करून बघा. तुमच्या वडिलांचं पिणं रोजचं, वर्षानुवर्षांचं, घर पोखरणारं असणार. त्या मुलाचं एका रात्रीचं आहे, कदाचित आयुष्यातलं दुसरं-तिसरं. दोन्हीत जीव जातो पण वाट वेगळी आहे, म्हणून उपायही वेगळा. तुम्ही त्या मुलात वडील बघितलेत तर तुम्हाला एकतर खूप राग येईल नाहीतर खूप भीती वाटेल, आणि पोरांना तुमच्याकडून या दोन्हीतलं काहीच नकोय. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉनच्या मीटिंगा असतात, मुंबईतही होतात, वडील हयात असोत नसोत. जाऊन बसा एकदा, बोललंच पाहिजे असं नाही.

होस्टेलमध्ये दोन-तीन मुलं मात्र अशी असतीलच जी वडिलांच्या वाटेवर आहेत. एकटी पिणारी, सकाळी हात थरथरणारी, उधारी झालेली, हसण्यावारी नेतात ती. त्यांना फ्लोअर मीटिंगमध्ये काही बोलू नका. वेगळं बोलवा, चहा घ्या, ऑडिट नावाची जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी आहे ती समुपदेशकाकडून भरून घ्या, आठ किंवा जास्त गुण आले तर लक्ष द्यायला हवं. केईएम, नायर, सायनला मानसोपचाराची ओपीडी आहे, फार पैसे लागत नाहीत. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आणि नशामुक्तीच्या हेल्पलाइनचा १४४४६, दोन्ही फुकट. आणि रोज पिणाऱ्याला एकदम बंद करायला लावू नका, त्यात फिट येऊ शकते, ते डॉक्टरच्या हाताखालीच.

राहिलं सस्पेन्शन. प्लॅन पंधरा दिवसांनी द्यायचाय, हे मात्र उद्याच करा. त्या चौघांपैकी जो रात्रभर जागला त्याच्यासाठी प्रिन्सिपॉल सरांच्या केबिनमध्ये जा आणि सांगा की याला बाहेर ठेवलंत तर पुढच्या वेळी कोणी जागणार नाही, सगळे पळतील. बाकी तिघांचंही बघा, पण तिथे भांडावं लागेल, वेळ लागेल. तो परत आला की त्याला कमिटीत घ्या, शिक्षा म्हणून नाही. दीड वाजता त्याला काय माहीत नव्हतं ते त्याच्याच शब्दांत लिहायला सांगा, दाराच्या आतल्या बाजूला लावायचं पान तेच.

आणि तुमचा पर्सनल नंबर देऊ नका. एक साधा वेगळा फोन घ्या, ज्याची नाइट ड्युटी असेल त्याच्या उशाशी ठेवायचा, आणि तो नंबर प्रत्येक मुलाच्या आयकार्डच्या मागे छापा. छापून आला की त्या मुलाला सांगा, आता यावर एकदा लावून बघ, रात्री दीडला लाव, कोण उचलतं ते बघूया.